चालत नाही, सर

रात्री साडेदहाला धुळ्याहून फोन येतो. "सर, चालत नाही." काय चालत नाही, हे मी विचारायचं. विचारलं की "काहीच चालत नाही" एवढा खुलासा मिळतो.

खानदेशाला हा माणूस नवा नाही. याचे वडील विहिरीवरच्या मोटारीबद्दल वायरमनला हेच सांगत, आणि वायरमन बिचारा फ्यूज, स्टार्टर, तिसरी फेज असं एकेक चाचपत बसे. मुलगा गणिताच्या शिकवण्या घेतो, तेव्हा त्याची मोटार वेगळी: मोठमोठ्या संख्यांचे मूळ अवयव पाडणारं सॉफ्टवेअर.

"आवृत्ती कोणती?"

"लेटेस्ट."

"कमांड काय दिली?"

"नेहमीचीच."

"एरर काय आली?"

"इंग्रजीत होतं काहीतरी. मी बंद केलं."

मग स्क्रीनचा फोटो येतो. त्यात छताचा पंखा स्वच्छ दिसतो, संख्येचे शेवटचे आकडे मात्र त्याच्या अंगठ्याखाली असतात. खाली 'अर्जंट' असं तीनदा. हाच फोटो त्याच वेळी भुसावळला आणि नाशिकलाही गेलेला असतो, हे आम्हा तिघांना सकाळी कळतं.

एकदा तर त्याने थेट फ्रँक कोललाच खोटं पाडलं. १९०३ साली कोलने अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या सभेत, एक शब्द न बोलता म्हणे, फळ्यावर गुणाकार करून दाखवला: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७, म्हणजे दोनचा ६७ वा घात उणे एक. "सर, सॉफ्टवेअर म्हणतं या संख्येला दोनाने भाग जातो. पाचानेही!" विषम संख्येला दोनाने भाग जातो म्हटल्यावर माझी झोप उडाली. दीड तासाच्या उलटतपासणीत कबुली मिळाली, की संख्या आधी एक्सेलमध्ये 'नीट लिहून' ठेवली होती. एक्सेल पंधरा आकडे जपतं, पुढे शून्यं मांडतं. एकवीस आकडी संख्येच्या शेपटाला सहा शून्यं लागली होती. सॉफ्टवेअर बिचारं खरंच बोलत होतं.

अवयव शोधण्याच्या ईसीएम नावाच्या पद्धतीचं त्याला वावडं. तिथे एकामागून एक वक्र बदलत नशीब आजमावायचं असतं. अवयव पहिल्या वक्रावर हाती लागेल किंवा हजाराव्यावर. हा अकरा मिनिटं वाट पाहतो आणि फोन लावतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला, की त्याचा संगणक खरोखरच चुकायला लागतो. दुसऱ्या पद्धतींनी मोठी संख्या फोडताना शेवटी जे अवाढव्य मॅट्रिक्स सोडवावं लागतं, त्यात तापलेल्या मेमरीने एक बिट इकडचा तिकडे केला तरी दिवसांची मेहनत पाण्यात. ही एकच तक्रार रास्त, पण तेव्हाही तो तेच दोन शब्द बोलतो. उत्तर माहीत असलेली लहान संख्या आधी चालवून बघा, असं सुचवलं तर त्याला अपमान वाटतो.

"गणित आपल्या मातीतलं आहे, सर," हे मात्र तो ऐकवतोच. खरं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची त्यात नोंद आहे. पण लीलावतीत भुंग्यांचं गणित घालताना भास्कराचार्य कोणत्या फुलावर कितवा हिस्सा गेला, हवेत किती उरले, सगळं सांगून मग 'एकूण किती' असं विचारतात. 'भुंगे चालत नाहीत' म्हणून पोथी मिटत नाहीत.

परवा तो जळगावला आला. भरीत खायला बसलो. पहिला घास घेऊन त्याने ताट सरकवलं.

"वांगं बामणोदचं नाही. कपाशीच्या काड्यांवर नाही, गॅसवर भाजलंय, म्हणून धुराचा वास नाही. मिरच्या ठेचल्या नाहीत, मिक्सरला लावल्यात. मागच्या शनिवारी याच टेबलावर खाल्लं, तेव्हा बरोबर होतं."

मी घास हातात धरून ऐकतच राहिलो. मालकाने गल्ल्यावरून मान वर केली.

"काय झालं, भाऊ? नीट सांगा ना."