चौदाव्या मजल्यावरची गांडुळं

हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीच्या नियमावलीत कुत्र्यांसाठी ११ नियम आहेत, गांडुळांसाठी एकही नाही. घटनाकारांची ही चूक गेल्या पावसाळ्यात उघडी पडली.

सुरुवात अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर झाली. चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून रात्री उशिरापर्यंत जांभळा उजेड दिसतो, असा फोटो कुणीतरी टाकला. दुसऱ्याने ‘वासही येतो’ अशी भर घातली. तिसऱ्याने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत हायड्रोपोनिक गांजा सापडल्याची बातमी चिकटवली. या बातम्या हल्ली इतक्या नेमाने येतात की त्यांवर घड्याळ लावावं. चौथे गृहस्थ, ज्यांचा मेंटेनन्स तीन तिमाह्या थकला आहे, त्यांनी थेट अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम २० टाकलं: लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर १ लाखापर्यंत दंड. पाठोपाठ कलम २५: माहीत असून जागा वापरू दिली, तर जागामालकही आत.

जागामालक न्यू जर्सीत. तिथे गांजाची फुलं दुकानात पावतीसह मिळतात. पण हिंजवडीतल्या न पाहिलेल्या रोपाला भिऊन त्यांनी ग्रुपवर हात जोडलेल्या चौदा इमोजी टाकल्या. मजल्यागणिक एक, असा हिशेब असावा.

शिष्टमंडळ वर गेलं. चेअरमन, सेक्रेटरी, ‘तुम्ही लिहिता ना, मग चला’ म्हणून मी, आणि तज्ज्ञ म्हणून वॉचमन. आमचा वॉचमन शिरपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. तिकडे कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलीस वरचेवर उपटतात. तेव्हा या विषयातला सोसायटीतला जाणकार तोच. त्याने दारातच नाक वर केलं आणि म्हणाला, “साहेब, हा शेणाचा वास आहे.”

चेअरमनच्या वडिलांच्या दावणीला दोन बैल होते, हे ते दर गणेशोत्सवात माइकवरून सांगतात. वास मात्र त्यांना ओळखू आला नाही.

आत बेडरूममध्ये कपाटाएवढा काळा तंबू, त्यात दिवा, पंखा आणि कापडी कुंड्या. कुंड्यांत टोमॅटो, तुळस, थोडी कोथिंबीर. भाडेकरू मुलगा आयटी पार्कच्या फेज ३ मध्ये कामाला. घाबरला होता, पण शिकवायला मिळतंय म्हटल्यावर खुलला. “हे लिव्हिंग ऑरगॅनिक सॉइल आहे काका.” म्हणजे जिवंत सेंद्रिय माती. रोपाला भरवायचं नाही, मातीला भरवायचं. तिच्यातले जिवाणू, बुरशी, गांडुळं ते पचवतात आणि रोपाला लागेल तसं देतात. उकरायचं नाही. पीक निघालं तरी मुळं आत तशीच ठेवायची, वर पाचोळ्याचं पांघरूण, आणि मग नुसतं पाणी.

“हे शिकलास कुठे?”

तो अडखळला. “कॅलिफोर्निया, ओरेगनचे गांजावाले आहेत ना, त्यांचे व्हिडिओ. घरात माती इतकी लाडाने दुसरं कुणी पाळत नाही.”

चेअरमन एक पाऊल मागे सरकले. तंत्र गांजाचं, पीक टोमॅटोचं. कलम कुठलं लावायचं?

मी त्याच्या सामानाची यादी मागितली, आणि तिथून पुढे मला गांजाची काळजी उरली नाही. पहिली वस्तू ‘करंजा केक’. म्हणजे करंजाची पेंड. आमच्या आजोळी ती पोत्याने उसात पडायची आणि तिच्या वासाने आम्ही मुलं गोठ्याकडे फिरकायचो नाही. अमेरिकेतले गांजावाले कडुनिंबाची आणि करंजाची पेंड हिंदुस्थानातून मागवतात आणि मातीत कालवतात, ते पाहून याने ती हिंदुस्थानातूनच, पण इंग्रजी नावाच्या पाकिटातून मागवली. दुसरी वस्तू ‘बेसॉल्ट रॉक डस्ट’. अख्खा दख्खन बेसॉल्टचा! मारुंजी रस्त्याला खडीच्या डंपरमागे दुचाकीवर दहा मिनिटं थांबा, घरी येऊन रुमाल झटका, कुंडीभर खनिजं तयार. ती याने किलोच्या भावाने घेतली होती, वर डिलिव्हरीचे पैसे वेगळे.

तिसरी वस्तू ‘राइस हल्स’. माती भुसभुशीत राहावी म्हणून. भाताचं तूस!

आमचा टॉवर ज्या जागी उभा आहे तिथे भातखाचर होतं. मुळशीच्या या पट्ट्यात आंबेमोहोर व्हायचा. शिजायला लागला की तीन घरं सोडून कळायचं, असं माण गावातले म्हातारे सांगतात. बांध कुठून जायचा तेही दाखवतात. तो आता व्हिजिटर्स पार्किंगमधून जातो. तर त्या खाचराच्या डोक्यावर, चौदा मजले उंच, एक मुलगा कुरिअरने भाताचं तूस मागवून माती जिवंत करायला बसला होता.

सेक्रेटरींना यात विनोद दिसला नाही. त्यांनी विचारलं, “किती गांडुळं आहेत, अंदाजे?”

तंबूच्या कोपऱ्यात मातीत खुपसलेला एक सेन्सर होता. ओल किती, ते मोबाइलवर दाखवणारा. याला आमच्याकडे वाफसा म्हणतात आणि तो मुठीत माती दाबून कळतो. सुभाष पालेकरांनी तर वाफसा हा आपल्या नैसर्गिक शेतीचा चौथा खांबच केला. बीजामृत, जीवामृत, आच्छादन, वाफसा. त्यांच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांनी पुष्कळ शंका घेतल्या आहेत आणि त्यातल्या काही मलाही पटतात, पण जीवामृताची कृती ओरेगनच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा सुटसुटीत आहे. १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, २०० लिटर पाणी आणि बांधावरची मूठभर माती. हिंजवडीत या यादीतलं सगळं ॲपवर मिळेल, गोमूत्रसुद्धा. अडेल ती शेवटची मूठ. बांध कुठे आहे?

त्याआधी श्री. अ. दाभोलकर होऊन गेले. गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने तासगावच्या द्राक्षवाल्यांना स्वतःच्या मळ्यात प्रयोग करायला लावले, आणि शहरातल्या गच्चीवर घरच्या ओल्या कचऱ्यातून माती बनवून भाजी काढता येते, हेही दाखवलं. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं यंत्र आहे. त्याचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, फीत अजून त्याच्या मानेला आहे. दाभोलकर आपल्याला बोजड वाटले. तेच गांजाच्या धुरातून, इंग्रजीतून, जांभळ्या उजेडात आले तेव्हा पाकिटासकट पटले.

असो. मुलाला मी एकच अडचणीचा प्रश्न विचारला: बाहेर ऊन आहे ना?

या एका प्रश्नावर घरातल्या गांजाचा सगळा सेंद्रिय सोवळेपणा गडगडतो. माती जिवंत, खत नैसर्गिक, औषधाचा थेंब नाही. आणि वर सूर्य मात्र वायरीतून आणलेला. दिवा, पंखा, एसी, दमट हवा सुकवायचं यंत्र. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचा हिशेब मांडला. बंद खोलीत एक किलो वाळलेली गांजाची फुलं काढायची तर, कुठे काढता त्यानुसार, सुमारे २.३ ते ५.२ टन कार्बन डायऑक्साइडएवढा धूर हवेत जातो. किलोला टन! ओढणाऱ्याचा धूर त्यात धरलेला नाही. आपल्याकडे हे करायचं तर दिव्याला वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरची. म्हणजे चौदाव्या मजल्यावरचं गांडूळ सुखात राहावं म्हणून विदर्भाने काजळी खायची. अमेरिकेत जिथे हे कायदेशीर आहे, तिथेही ते शहाणपणाचं आहे असं नाही. जे रोप हिमालयाच्या उतारावर कुणी न लावता वाढतं, त्याला खोलीत कोंडून एसी लावणारा माणूस आधी तपासायला हवा.

कायद्याबद्दलही थोडं, कारण उतरताना लिफ्टमध्ये भेटलेले ग्रुपवरचे चौथे गृहस्थ त्यावरच बोलत होते. आपल्या कायद्यात गांजा म्हणजे रोपाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. नुसती पानं आणि बी, शेंडे सोबत नसतील तर, गांजा नव्हे. म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९चा कायदा भांगेलाही धरून आहे, तेव्हा हुरळू नये. पण लागवडीला अशी सूट नाही. हौसेची एकच कुंडी होती, असं म्हणून सुटका होत नाही. एनडीपीएस कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी. बालदिनी.

त्याआधी सरकार या पिकावर रीतसर कर घेत असे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये भांग-गांजावर आयोग नेमला, १,१९३ साक्षी काढल्या, सात खंड छापले आणि निष्कर्ष दिला की बेताने घेणाऱ्याला फारसं नुकसान नाही, तेव्हा बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. तेव्हा आपल्या नगर जिल्ह्यातही त्याची लागवड होत होती. तिकडे बंगालमध्ये नवगाव इथे तर १९१७ साली गांजा उत्पादकांची सहकारी संस्था निघाली, आणि तिने नफ्यातून शाळा-दवाखाने काढले. हे वाचून मला आपल्या सहकारमहर्षींची फार कणव आली. उसापाशी थांबले बिचारे!

सहकार निघालाच आहे तर हिंजवडीचं सांगतो. ही जागा आधी साखर कारखान्याची ठरली होती. भूमिपूजनाला आलेल्या शरद पवारांनी तिथेच सांगितलं की कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी आणू. ही गोष्ट त्यांनी स्वतः भाषणांतून सांगितली आहे. कारखाना कासारसाईकडे गेला, इथे संगणक आले. जमीन एमआयडीसीने घेतली, उरली ती बिल्डरने. मग उन्हाळ्यात पाणी टँकरने यायला लागलं आणि पावसाळ्यात ते रस्त्यावरच राहायला लागलं. २०२५च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात आयटी पार्कचा वॉटर पार्क झाल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. जुलैत पहाटे पाहणीला आलेल्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, हा पार्क बंगळुरू-हैदराबादला चालला, अशी कॅमेऱ्यासमोर हाय खाल्ली. नाले बुजवले, ओढे वळवले, यावर अधिकारी बोलले. पाणी पिणारी मातीच झाकून टाकली, हे कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये नव्हतं. ग्रामदैवत म्हातोबाच्या बगाडाला चैत्रात गाव अजून जमतो. बाकी अकरा महिने इथे पायाला लागते ती पेव्हर ब्लॉकची फट.

आता सोलापूरकडची एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्यात सर्वांत शहाणी वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा माझ्या दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही, तर परवानगी आहे असं समजून १६ तारखेला लावीन, आणि गुन्हा दाखल झाला तर जबाबदार प्रशासन. मुदत, गृहीत संमती, जबाबदारीची निश्चिती: सरकारी कागदाची भाषा त्याने सरकारलाच ऐकवली. अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट ठरवलं. असेलही. पण या देशात शेतमालाच्या भावाबद्दल लिहिलेल्या एका अर्जावर इतक्या तातडीने हालचाल झाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. नुसता कांदा लिहिला असता तर अर्ज अजून आवक टपालात असता.

आमच्या प्रकरणाचा निकाल असा लागला. कमिटीने ठराव केला की ‘निवासी सदनिकेत जिवंत माती बाळगू नये’. साध्या मातीला हरकत नव्हती. मुलाला तशीही बंगळुरूची नोकरी लागली होती, त्यामुळे त्याने वाद घातला नाही. पॅकर्सवाले तंबू आणि दिवा घेऊन गेले. मातीला त्यांनी हात लावला नाही. पाच पोती, गांडुळांसकट. मुलगा शनिवारभर ती गाडीत घालून फिरला. फेज १, फेज २, मेट्रोच्या खांबांच्या मधल्या कुंड्या, एका कंपनीची हिरवळ; सगळीकडे सिक्युरिटीने विचारलं, पास आहे का? संध्याकाळी पोती परत गेटवर आली.

वॉचमनने ती ठेवून घेतली. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना खिळ्याने भोकं पाडली, माती भरली आणि आपल्या केबिनमागे, जिथे ऊन फुकट पडतं, तिथे मिरची लावली. आता ती गुडघ्याएवढी आहे. ग्रुपवर तिचाही फोटो येऊन गेला. त्यावर कमिटीचं पत्रक निघालं, नोटीस बोर्डावर शिक्क्यासह लागलं आहे: केबिनमागील रोपे मिरचीचीच आहेत याची सेक्रेटरींनी दर सोमवारी समक्ष खात्री करून वहीत नोंद करावी.

सेक्रेटरी सोमवारी जातात. एक मिरची तोडून चावून बघतात, डोळ्यांत पाणी आणतात आणि सही करतात.