मुलगीच हवी म्हणे!

बाई बाई बाई, कलियुग म्हणतात ते याहून वेगळं काय असणार! स्टुटगार्टसारखं सोवळं शहर. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दारात उभा राहतो. या आठवड्यात जिन्याचा केर कुणी काढायचा याची पाटी त्या त्या घराच्या दाराला लटकते. आणि अशा शहरातली माणसं सध्या दोन बशांमध्ये ओला कागद घालून गांजाला मोड आणत बसली आहेत. बरं, चोरून करावं, तर तेही नाही. लिफ्टमध्ये बोलतात! बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, पेन्शनीला टेकलेले काका. ‘फुटलं का?’ ‘नाही अजून, तिसरा दिवस.’ ‘पाणी जास्त झालं असेल.’ आपण हातात पावाची पिशवी धरून मजल्यांचे आकडे बघत राहायचं.

बॉश नि मर्सिडीजच्या नोकऱ्यांवर पुण्या-नाशकाहून इकडे आलेल्या आमच्या मराठी घरांत या विषयाला जो बहर आलाय, तो त्या झाडांनाही येत नसेल. मोदकाच्या कळ्या किती पाडायच्या यावर तासभर बोलणाऱ्या भिशीतल्या बायका आता ‘समोरच्या बाल्कनीत ती पंजासारखी पानं दिसतात गं’ असं डोळे मोठे करून सांगतात. एकीने तर आपली तुळस उचलून घरात घेतली. कारण काय, तर पलीकडच्या कुंडीवरचा वारा लागतो. भांगेत तुळस ऐकली होती, इथे तुळशीच्या शेजारी भांग नांदायला आली.

दोष द्यायचा तर थेट संसदेला द्या. २३ फेब्रुवारी २०२४ ला बुंडेस्टागने ४०७ विरुद्ध २२६ मतांनी कायदा मंजूर केला आणि तो लागू कधीपासून, तर १ एप्रिलपासून. अहो, निदान तारीख तरी बघायची! आणि आणला कुणी? तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी. कार्ल लाउटरबाख, स्वतः डॉक्टर, वर प्राध्यापक. काळा बाजार मोडायचा आणि पोरांना वाचवायचं, हा त्यांचा युक्तिवाद. कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला राहत्या घरात एका वेळी ३ झाडं, बाहेर खिशात २५ ग्रॅम, घरात ५० ग्रॅम. बी युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशातून टपालाने येतं. ते नको असेल तर लागवडीची रीतसर मंडळं निघाली आहेत. एका मंडळात जास्तीत जास्त ५०० सभासद, आणि सभासद नसलेल्यालाही मंडळ महिन्याला ७ बिया देऊ शकतं. मोजून सात! व्यसनाचा असा हिशेब ठेवणारा देश दुसरा सापडायचा नाही.

पण हिशेब करणाऱ्यांचाही हिशेब चुकलाय, तो ऐका. झाडं तीन लावा म्हणाले. आता उन्हात नीट वाढलेलं एकच झाड वाळल्यावर शंभर ग्रॅमच्या वर सहज देतं. आणि घरात ठेवायची परवानगी किती, तर ५० ग्रॅम. मग उरलेल्याचं काय करायचं? नष्ट करायचं. म्हणजे चार महिने पाणी घाला, खत घाला, नावं ठेवा (हो, झाडांना नावं ठेवतात, प्रेमाची), आणि पीक आलं की तराजू घेऊन बसा आणि जास्तीचं टाकून द्या. पन्नासच्या वर गेलात तर दंड, साठच्या वर गेलात तर फौजदारी. शेजाऱ्याला द्यावं म्हटलं तर तोही गुन्हाच, कारण घरचं पीक फक्त स्वतःसाठी. विकायचं नाही आणि फुकटही वाटायचं नाही. त्यात घरातल्या पोरांचा हात पोचू नये म्हणून कुलूप. आणि ज्यांच्याकडे शहराबाहेर ती छोटीशी भाड्याची बाग असते, कुंपण, बुटक्याचा पुतळा, टोमॅटोचे वाफे, त्यांची तर सगळ्यात मोठी निराशा झाली. लागवड राहत्या जागीच, बागेत नाही. म्हणून मग दिवाणखान्यात तंबू.

तंबू म्हणजे शब्दशः तंबू. काळ्या कापडाचा, आतून चंदेरी, कपाटाएवढा. आत दिवा, पंखा, वर वास शोषणारी कोळशाची गाळणी, कारण वासाने शेजाऱ्याला त्रास झाला की प्रकरण घरमालकापर्यंत जातं. दिवाही नुसता लावायचा नाही. हे झाड रात्रीची लांबी मोजतं. वाढीच्या काळात त्याला अठरा तास उजेड लागतो आणि फुलावर आणायचं तर बारा तासांचा सलग अंधार. मध्ये कुणी दार उघडून उजेड पाडला तर बिचारं गोंधळतं. इथे विजेचा दर युनिटला चाळीस सेंटच्या आसपास. स्वयंपाकघरात दिवा राहिला तर नवऱ्यावर ओरडणारी ही माणसं गांजाला अठरा तास सूर्य दाखवतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. यांना मुलगीच हवी आहे.

खरं सांगते. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. माणसासारखंच एक्स आणि वायचं गणित. नशा असते ती मादीच्या फुलात, तीही परागकण न मिळालेल्या मादीच्या. नर फुलला की जवळपासच्या सगळ्या माद्या बी धरतात आणि नशेचं पीक गेलं. म्हणून नर ओळखू आला की उपटून टाकायचा. पण ओळखू येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि झाडं लावायला मिळतात तीनच. त्यातले दोन मुलगे निघाले तर? त्यावर उपाय म्हणून बाजारात फेमिनाइज्ड बी आलं, जवळजवळ शंभर टक्के मुलगीच होणार अशी हमी देणारं. ते करतात कसं, तर मादीवर चांदीचं द्रावण फवारतात. चांदी झाडातल्या इथिलीनचं काम अडवते, आणि ती मादी नरफुलं धरते. त्या फुलातल्या परागात वाय असतच नाही, मग होणारी संतती सगळी मुलींची. एका बीला आठ-दहा युरो पडतात. जिथे गर्भलिंग तपासणीवर कायदा करावा लागला त्या देशातून आलेले आम्ही, आणि इथले लोक कौतुकाने सांगतात, ‘तिन्ही मुली झाल्या!’ आमच्या एका मावशींनी हे ऐकून आधी अभिनंदन केलं. नंतर कळलं कशाबद्दल ते.

आणि ही युरोपची अक्कल आहे असं समजू नका. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्या अहवालात बंगालातल्या नावगावच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, गांजाच्या शेतांचं वर्णन आहे. तिथे शेतकरी खास जाणकार बोलवत. तो शेतातून चालत जाई आणि नर झाडं हेरून मोडत जाई. त्याला म्हणत गांजा डॉक्टर. हल्ली जो प्रकार पाकिटावर इंद्रधनुष्य छापून विकतात, तो त्या माणसाच्या बोटांत होता.

बी हातात आलं की सुरू होतो सोहळा. मटकीला मोड आणणाऱ्या कुठल्याही मराठी बाईने हसून लोळावं असा. कारण काम तेच आहे हो! भिजवायचं, ओल टिकवायची, उबेला ठेवायचं, उजेड नको, वीस ते पंचवीस अंश. दोन दिवसांत, फार तर आठवड्यात, पांढरं मूळ डोकावतं. एवढंच. पण एवढ्यावर भागेल तर ते जर्मन कसले? पाणी नळाचं की गाळलेलं, त्याचा सामू किती, कागद चार घडीचा की दोन. बी कुंडीत घालताना टोक वर की खाली, यावर दोन तट पडलेत आणि त्यांच्यात बोलणं बंद आहे. खरं म्हणजे बी कसंही पडलं तरी मूळ खाली वळतं, गुरुत्वाकर्षण त्याला कळतं, पण मध्ये बोलणार कोण? बहुतेकांचं बी मरतं ते अतिप्रेमाने. दर दोन तासांनी झाकण उघडून बघायचं, वर थोडं पाणी शिंपडायचं. बी गुदमरतं, कुजतं. फुटलंच तर कोवळा देठ मातीलगत बुरशीने बसतो. कधी टरफल डोक्यावरच अडकतं, टोपी घातल्यासारखं, आणि मग पन्नाशीचा गृहस्थ चष्मा चढवून चिमट्याने ती टोपी काढताना दिसतो. टोपी निघाली की आधी दोन गुळगुळीत दलं उघडतात, मग करवतीच्या दातांसारखी पहिली खरी पानं. तेव्हा फोटो. आजोबांच्या फोनमध्ये नातवाचे कमी आणि रोपाचे जास्त.

ज्यांना एवढीही कटकट नको, त्यांच्यासाठी आपोआप फुलणारी जात आहे. रशियन वनस्पतीशास्त्रज्ञ यानिशेव्स्कीने १९२४ मध्ये कॅनाबिस रुडेरालिस म्हणून नोंदवलेल्या रानटी, बुटक्या झाडाचं रक्त तिच्यात. ती रात्र मोजत नाही, वय मोजते. वय झालं की फुलते. आमच्याकडे लग्नाळू पोरांच्या आयांना हे भारी आवडलं.

शेजारच्या बायर्न राज्यात मात्र कपाळावर आठ्या. तिथल्या सरकारने बिअर गार्डनमध्ये आणि जत्रांमध्ये गांजा ओढायला बंदी केली. म्हणजे ऑक्टोबरफेस्टला लिटरभर बिअर चौदा-पंधरा युरो मोजून चार वेळा प्यायची आणि बाकावर चढून गायचं, ती संस्कृती. एक झुरका घेतला तर समाज बुडाला! दोन्हीकडची माणसं सकाळी डोकं धरूनच बसतात म्हणा. पुढे २०२५ मध्ये सरकार बदललं. फ्रीडरिष मेर्झ यांच्या पक्षाने निवडणुकीत हा कायदा रद्द करू असं सांगितलं होतं, पण युतीच्या करारात लिहिलं, आधी मूल्यमापन करू. जर्मनीत मूल्यमापन सुरू झालं की गांजाचे दोन हंगाम आरामात निघतात.

माझं म्हणाल तर मला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. या सगळ्यात वाह्यातपणा औषधालासुद्धा उरलेला नाही. केस वाढवलेला, डोळे तांबारलेला, आईबापांनी नाव टाकलेला पोरगा कुठेच दिसत नाही. दिसतो तो सामू मोजणारा, वही ठेवणारा, तराजूवर ग्रॅम तोलणारा सद्गृहस्थ. इतकी वर्षं ज्याच्यासाठी पोलीस धावले, ते आता रविवारच्या बागकामाच्या गप्पांत खताच्या शेजारी येऊन बसलंय. कुजबुज करावी असं काही ठेवलंच नाही मेल्यांनी.

आपल्याकडे चित्र उलटं. महाशिवरात्रीला आणि होळीला भांगेचा पेला फिरतो, त्यावर कुणी नाक मुरडत नाही. गांजा साधूच्या चिलमीत दिसला की आपण हात जोडतो. पण २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना केला तेव्हा महाराष्ट्रभर हशा पिकला. अर्ज अर्थातच मंजूर झाला नाही. त्याच्या रागातला कडवटपणा किती जणांपर्यंत पोचला देव जाणे. बी म्हणाल तर भारतीय कायद्याने गांजाच्या व्याख्येतून सुटं बी वगळलंय. भांगेचं बी नि त्याचं तेल आता अन्न म्हणून रीतसर विकतातसुद्धा, आणि उत्तराखंडात त्या बियांची चटणी पूर्वापार खातात. भाजून खा, वाटून खा. फक्त ते मातीत पडून उगवलं की गोष्ट बदलते.

तेव्हा दिवाळीला इकडून घरी निघालेल्या आणि मुलाकडे चार महिने राहून परत चाललेल्या समस्त काका-मावश्यांना हात जोडून सांगणं आहे. ती रंगीत पाकिटं सुंदर दिसतात, त्यावरचं फूलही छान असतं, पण ‘कुंडीत लावीन गं, बघू काय येतं’ म्हणून एकही बॅगेत टाकू नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाचं एक झाड लावलं तरी ती लागवडच, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर लाखापर्यंत दंड. मुलगी झाली म्हणून तिथे सूट नाही.