दाजींची जीप आणि ताशी एकशेवीस

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरानं एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि सौदा साधारण ६५ कोटींचा होता. मंडईत मेथीच्या जुड्या घ्याव्यात तशी मंडळी एकत्र आली, भाव पाडला आणि गाड्या घरी घेऊन गेली. देशभरच्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. पुढं कित्येक वर्षं बाहेरगावचा माणूस 'तुमच्याकडं सगळ्यांकडं मर्सिडीज असते म्हणे' असं विचारायचा आणि आपण रिक्षात बसता बसता 'हो ना' म्हणायचो.

त्या दीडशेंत आमचे दाजी नव्हते. त्यांचं घर गारखेड्यात, नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, वडिलोपार्जित शेत कन्नडच्या पुढं आणि लेक दिलेली नागपूरला. संसार असा चारी दिशांना पांगला की गाडी निवडणं अवघड होऊन बसतं. आठवड्याचे सहा दिवस नगर नाक्याची गर्दी, रविवारी शेताची पाणंद आणि लेकीची आठवण आली की समृद्धी महामार्ग, जिथं मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. या तिन्ही ठिकाणी चालेल अशी एकच गाडी दाजींना हवी होती. तीही जुनी. आणि तीही जीप.

"मेव्हणे, गाडी कशी पाहिजे, कुठंबी घातली तरी निघाली पाहिजे," दाजी म्हणाले.

"मला दार पाहिजे," ताई आतून म्हणाली.

ताईच्या अटीमागं इतिहास आहे. आमच्या पिढीतल्या मराठवाड्याला जीप म्हणजे साहस, डोंगरदऱ्या, गॉगल असलं काही वाटत नाही. एसटी चुकल्यावर भोगायची ती शिक्षा होती. काळीपिवळीच्या परवान्यावर लिहिलेला आकडा हा किमान आकडा समजला जाई. पुढच्या बाकड्यावर ड्रायव्हर धरून चौघं-पाचजण, म्हणजे ड्रायव्हरचं अर्धं अंग रस्त्यावर आणि गिअरचा दांडा तिसऱ्याच कुणाच्या गुडघ्यांमध्ये. तो गिअर बदलायचा तेव्हा सगळी रांग डावीकडं झुकायची. मागं आडवी बाकडी, बाकड्यांच्या मध्ये पोती, पोत्यांवर माणसं आणि पायरीवर लोंबकळणारा क्लीनर. ताई कन्नडहून कॉलेजला अशी यायची, मागच्या आडव्या बाकड्यावर, पदराचं टोक दातात धरून. दाजीही त्याच रस्त्यानं यायचे, पण ड्रायव्हर ओळखीचा असल्यामुळं पुढं बसून. एकाच गाडीबद्दल नवराबायकोचं एकमत का होत नव्हतं, हे एवढ्यावरून कळावं.

आम्ही बाजार हिंडलो. जुन्या गाड्यांच्या एजंटांना पाच-सहा वाक्यंच येतात, पण ती ते फार श्रद्धेनं म्हणतात. 'सिंगल हँड आहे.' 'डॉक्टरांची आहे.' 'फक्त लग्नकार्याला काढायचे.' एकानं तिन्ही वाक्यं एकाच गाडीला लावली. तिच्या टपावर लाउडस्पीकर बांधल्याच्या खुणा होत्या, त्यामुळं डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले असावेत.

दुसऱ्याकडं दिल्ली पासिंगची डिझेल गाडी होती, चकचकीत आणि संशय यावा इतकी स्वस्त. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची तलवार आहे, म्हणून त्या तिकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन आपल्याकडं येतात. इथला रोड टॅक्स भरून एमएच-२० चा नंबर मिळेपर्यंत स्वस्ताई बरीचशी संपलेली असते. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली आणि पुढं परतही नेली. या गाड्या मात्र एकदा आल्या की परत जात नाहीत.

तिसऱ्याकडं जिप्सी होती. लष्करी लिलावातली, मूळच्या हिरव्यावर घाईनं पांढरा दिलेली. आमच्या शहराला छावणी असल्यामुळं जिप्सीबद्दल आदर जुनाच. १९८५ साली आलेली, १९९६ पासून १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची आणि वजनाला जेमतेम टनभर, त्यामुळं चिखलातून हलकेच निघणारी. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली आणि चांगल्या जिप्सीचे भाव जमिनीसारखे वाढले. पण चारी चाकांवर पाट्याच, म्हणजे लीफ स्प्रिंग. रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की खड्ड्याची खोली मणक्याला बिनचूक कळते. ताईनं मागचं कापड वर करून आत पाहिलं.

"आडवं बाकडं," ती म्हणाली आणि कापड खाली सोडलं. जिप्सीचा विषय तिथं संपला.

तरीही दाजींनी एक जीप हेरलीच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मूळ कंपनीचं तिच्यात फार थोडं उरलं होतं. मालकानं ती एक दिवस फिरवायला दिली. ती घेऊन आम्ही आधी मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्री आमच्या शहराच्या खास दख्खनीत बोलतात आणि गाडीकडं बघण्याआधी गाडीखाली बघतात. चासीवर हातोडी ठोकून ते म्हणाले, "ये अच्छी है. कोकण की रहती तो हात में आ जाती." खाऱ्या हवेत सांगाडा आतून गंजतो. मराठवाड्याच्या दुष्काळाचा एवढा तरी फायदा. मग त्यांनी टायरवरचा चार अंकी आकडा दाखवला, २३१३.

"किंमत?" दाजींनी विचारलं.

"पैदाइश," मिस्त्री म्हणाले. २०१३ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून शाबूत होती, पण रबर वयानंही मरतं. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडल्या होत्या. समृद्धीच्या सिमेंटवर सलग वेगात टायर तापतो आणि असा टायर तिथं दगा देतो. म्हणूनच २०२३ मध्ये परिवहन खात्यानं महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या माघारी धाडल्या.

पण मिस्त्रींचा खरा मुद्दा वेगळाच होता. विलिसच्या घराण्यातल्या या जुन्या जीपच्या ॲक्सलमध्ये ५.३८ ला १ असं गुणोत्तर असतं. टॉप गिअरमध्येसुद्धा चाक एकदा फिरायला इंजिनाला सव्वापाचांहून जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ताकद म्हणाल तर बैलाला लाजवेल. पण ताशी ९० ला इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर जातं आणि १२० धरायचे तर पावणेपाच हजार पाहिजेत, तेवढे त्या जुन्या इंजिनाच्या नशिबातच नाहीत. मिस्त्रींनी हे सगळं एका ओळीत सांगितलं: "साब, इसकू साठ के ऊपर नक्को ले जाव. जाती, लेकिन रुकती नै."

कारण चारी चाकांना ड्रम ब्रेक. दाजींनी यातलं 'जाती' एवढंच ऐकलं.

निघालो. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा. दाजी पुढं, मी शेजारी, ताई मागं आणि दार कुठंच नाही. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून जातो. तिथं एक लांबलचक टुरिस्ट बस अडकून मागं-पुढं करत होती आणि दोन्हीकडच्या मोटारी हॉर्न वाजवून तिला धीर देत होत्या. बसच्या कडेला उरलेल्या फटीतून आमची जीप अलगद निघाली. बाजूच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीतल्या गृहस्थांनी आरसे मिटून पाहिले, पोट आत ओढून पाहिलं, जमलं नाही. दाजींनी वळून ताईकडं पाहिलं. ताई पदर दातात धरून बसली होती, त्यामुळं तिला काही बोलता आलं नाही.

खुलताबाद, वेरूळ, कन्नड. इथवर जीपनं मान राखला. आदल्या रात्री पाऊस झालेला, आणि पाणंदीला वळताच दाजींच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं राखून ठेवलेला आनंद दिसला. त्यांनी तो दुसरा, छोटा दांडा ओढला. फोर-व्हील! ढेकळं, दगड, ओढ्यातलं पाणी, सगळं मागं पडलं. मग काळी माती आली.

दगडगोट्यांच्या देशातून आलेल्या पुस्तकांत फोर-व्हील ड्राइव्हचं जे कौतुक असतं, त्यात आमची काळी माती धरलेली नसते. ओली झाली की ती फुगते, टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि दोन फेऱ्यांत खडबडीत टायर गुळगुळीत करून टाकते. मग इंजिनाची ताकद चारांना द्या नाहीतर चाळीसांना, घसरणाऱ्या चाकाला ती सारखीच निरुपयोगी. जीप जागच्या जागी खाली जाऊ लागली. दाजींनी ॲक्सिलरेटर दाबला, तशी ती आणखी मन लावून खाली गेली. शेवटी ॲक्सल मातीवर टेकला आणि चारी चाकं मोकळी फिरू लागली.

शेजारच्या वावरातला ट्रॅक्टरवाला बांधावर उभा राहून बघत होता. तो न बोलावता आला, न विचारता साखळी अडकवली आणि एवढंच म्हणाला, "दोन चाकाची असती तर अलीकडंच फसली असती. तुमच्या चार चाकानं मला पार इथवर यायला लावलं." पाचशे रुपये.

परतताना दाजींनी माळीवाड्याहून गाडी समृद्धीवर घातली. सावंगीला उतरू, म्हणाले, तेवढीच चाचणी. चढणीच्या गोल वळणावर स्टेअरिंग दोन्ही हातांनी वळेना, चाकं किंचाळायला लागली. छोटा दांडा अजून तसाच होता. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतं. चिखलात चाकं घसरून आपसांत हिशेब मिटवतात, कोरड्या सिमेंटवर मात्र वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापायला बघतात, मागची त्यांना सोडत नाहीत आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. दांडा निघेना. शेवटी थोडं मागं घेतलं तेव्हा खाडकन सुटला.

७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही. ते नसल्यामुळं सगळ्यांत हळू आम्हीच. साठला टायरांची घरघर, पासष्टला ताडपत्रीची फडफड, सत्तरला दोन्ही मिळून असा आवाज की शेजारी बसून ओरडावं लागे. मालाचे ट्रक आम्हाला ओलांडून जात आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं जीप अर्धी लेन सरके.

"कसं वाटतंय?" दाजी ओरडले.

मागून ताईनं काहीतरी उत्तर दिलं. दाजींना वाटलं, 'छान.' मला नीट ऐकू आलं होतं, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच वेळी एक जुनी मर्सिडीज बाजूनं गेली. दीडशेंतली होती की नाही कोण जाणे, पण काचा वर होत्या आणि आत कुणीतरी झोपलं होतं. ताई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

त्यानंतर गाडी ताईनं निवडली. तिनं इंजिन पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या एका स्कॉर्पिओच्या मधल्या सीटवर बसली, दार लावलं, उघडलं, परत लावलं. "ही." बाकीचं मिस्त्रींनी पाहिलं: चासीची गाडी आहे, एमहॉक इंजिन आहे, मागं पाट्या नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत, एबीएस आहे, पाचव्या गिअरला शंभरावर इंजिन आरडाओरडा करत नाही. उंच आहे, वळणावर डुलते, तेवढं सांभाळायचं. पंधरा वर्षं व्हायला वेळ आहे, म्हणजे पर्यावरण कर आणि फेरनोंदणीची कटकट पुढं. एकच उणीव. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना.

दाजी दोन दिवस गप्प होते. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. फोर-व्हीलवाली घ्यायची तर लाखभर जास्त, वर तेवढं वजन बारा महिने वाळूजला आणि नागपूरला ओढायचं, डिझेल जाळायचं. आणि पाणंद खरी बिघडते ती पावसाळ्यात, तेही रविवार गाठून पाऊस पडला तर. त्यांनी फोन उचलला.

"हां, मी बोलतोय, जीपवाला. नाही, नाही, आता नाही फसलो. पुढचं विचारतोय. सबंध सीझनचं ठरवून काय घ्याल?"

पलीकडून आकडा आला असावा.

"दोन चाकाची आहे हो आता," दाजी म्हणाले, "अलीकडंच फसणार. तेवढं कमी करा."