गुप्तहेराला दुग्धाभिषेक

हेरगिरी हा एक असा धंदा आहे, की त्यात माणूस जितका कुणाच्या लक्षात राहणार नाही, तितका तो वाकबगार. त्याने गर्दीत शिरावं, काम उरकावं, आणि मागाहून चौकशी झाली तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही त्याचा चेहरा आठवू नये. आता हाच हेर सिनेमात घाला, त्याच्या जागी एखादा बडा हिरो उभा करा आणि तो सिनेमा बंगळुरात पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला लावा. थिएटरच्या दर्शनी बाजूला त्याचा दोन मजली कटआउट उभा राहतो. पोरं बांबूच्या परांचीवर चढून झेंडूचा हार दोराने वर ओढतात. मग एकजण नंदिनी दुधाच्या पिशवीचा कोपरा दाताने फाडतो आणि धार थेट गुप्तहेराच्या कपाळावर धरतो. दूध गॉगलवरून ओघळत मिशीपर्यंत येतं. खाली ढोल वाजत असतात आणि रस्त्यावरची वाहतूक तुंबलेली असते. शत्रुराष्ट्राच्या हेरखात्याला यानंतर फारसं काम उरत नाही.

याबाबतीत नुसतं बंगळूरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत ‘टायगर ३’ लागला, तेव्हा आपल्या मालेगावात पोरांनी चक्क प्रेक्षागृहाच्या आत फटाके आणि रॉकेटं सोडली. लोकांची पळापळ झाली. असलं काही करू नका, असं सांगायची वेळ खुद्द सलमान खानवर आली. कथेतला हेर सीमेपलीकडे लपतछपत वावरतो आहे, आणि त्याच्या स्वागताला खुर्च्यांमधून रॉकेटं सुटताहेत!

मुळात या गोंधळाची सुरुवात इयान फ्लेमिंगने केली. १९५३ साली प्रसिद्ध झालेली ‘कॅसिनो रॉयाल’ लिहिताना त्याला नायकासाठी अगदी सपक, कुणाच्या कानात न अडकणारं नाव हवं होतं. म्हणून त्याने पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाचं नाव उचललं: जेम्स बाँड. पुढे १९६२ साली ‘डॉ. नो’ आला आणि या सपक नावाचा जगभर डंका झाला. आणि तो गृहस्थही असा, की खलनायकाच्या अड्ड्यावर जाऊन आधी आडनाव सांगतो, मग नाव, मग पुन्हा आडनाव. विमा एजंटसुद्धा इतक्या लगबगीने ओळख करून देत नाही.

या सगळ्याचा खल आमच्याकडे उभ्याने होतो. बंगळूरच्या दर्शिनीत बसायला खुर्ची नसते. स्टीलच्या उंच टेबलाभोवती उभं राहायचं, इडली-वडा संपवायचा आणि ‘बाय-टू’ कॉफी सांगायची. एका कॉफीचे दोन पेले होतात, पण वाद मात्र अखंडच राहतो. आमच्या टोळक्यात एक सेलमचा तमिळ, एक विजयवाड्याचा तेलुगू, एक बेळगावचा मराठी पोरगा आणि एचएमटीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी. त्यांना आम्ही सगळे ‘अंकल’ म्हणतो आणि ते आम्हा सगळ्यांना ‘सर’ म्हणतात. बंगळुरात सर कोण नसतं?

१४ ऑगस्ट २०२५ ला ‘कुली’ आणि ‘वॉर २’ एकाच दिवशी लागले, तेव्हा तर टेबल पुरेना. एकीकडे रजनीकांत, दुसरीकडे हृतिक रोशन आणि ज्युनियर एनटीआर. ‘वॉर २’ हा यशराजच्या हेरमालिकेतला सहावा. ‘एक था टायगर’पासून सुरू झालेल्या या मालिकेतले हेर आता एकमेकांच्या घरी जा-ये करतात. सेलमवाल्याच्या मते पन्नास वर्षं पडद्यावर टिकलेल्या माणसाशी कुणाची तुलनाच नको, कारण रजनीचा पहिला सिनेमा ऑगस्ट १९७५ चा. विजयवाड्याच्या मते एनटीआर नुसता चालत आला तरी पैसे वसूल. अंकल म्हणाले, “सर, तो आमच्या बसमध्ये तिकिटं फाडत होता.” हेही खरंच. बंगळुरात जन्मलेला, बंगळूरच्याच बस सेवेत कंडक्टर असलेला तो तरुण. मग मला राहवेना. मी म्हटलं, त्याचं जन्मनाव शिवाजीराव गायकवाड. घरात मराठी. तेव्हा तो कुणाचा, हे सांगायला नको. बेळगावच्या पोराने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “काय ओ, सीमाप्रश्न इथंबी आणलासा?”

त्यावर सगळे हसले आणि अंकलनी आपलं हुकमाचं पान टाकलं. “तुमचे हे सगळे नंतरचे. आमचा सीआयडी ९९९ अडुसष्टचा.”

हे प्रकरण मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं, म्हणून जरा थांबून सांगतो. दोरै-भगवान या दिग्दर्शक जोडीने १९६८ मध्ये ‘जेडर बले’ काढला. नायक डॉ. राजकुमार, पात्राचं नाव प्रकाश आणि नंबर ९९९. त्याच वर्षी ‘गोवादल्लि सीआयडी ९९९’ आला. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती आणि कन्नड हेर तिथे पोचलासुद्धा. पुढच्या वर्षी ‘ऑपरेशन जॅकपॉटनल्लि सीआयडी ९९९’ आणि १९७८ मध्ये ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’. तेलुगूत ‘गूढचारी ११६’ १९६६ मध्ये येऊन गेला होता आणि हिंदीत जितेंद्रचा ‘फर्ज’ १९६७ मध्ये. ही आठवण विजयवाड्याने लगेच करून दिली, पण अंकलनी ती कॉफीबरोबर गिळून टाकली. आकडा मोठा कुणाचा, एवढंच त्यांनी विचारलं.

मला मौज वाटते ती वेगळीच. राजकुमारांना इथले लोक ‘अण्णावरू’ म्हणतात. हे अण्णावरू १९६३ साली पडद्यावर कोण होते? आपले तुकोबा! कन्नड ‘संत तुकाराम’मध्ये. १९६६ मध्ये ते मंत्रालय क्षेत्राचे राघवेंद्रस्वामी झाले. १९६८ मध्ये हातात पिस्तूल आणि मागे खलनायकाच्या गाड्या. १९७४ मध्ये ‘भक्त कुंबार’. म्हणजे आपले गोरोबाकाका, विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवणारे. आणि चार वर्षांनी हेच गोरोबाकाका पुन्हा सूटबूट घालून ‘डायमंड रॅकेट’च्या मागावर, शिवाय स्वतःच्या आवाजात चक्क इंग्रजी गाणं म्हणताहेत. तेरहून पंढरपूर आणि पंढरपूरहून थेट हिऱ्यांची टोळी. प्रेक्षकांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट दोन्हीकडे शिट्ट्या सारख्याच.

आपल्याकडे हे जमलं असतं का? ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’नंतर विष्णुपंत पागनीसांना लोकांनी तुकाराममहाराजच करून टाकलं. पुढे त्यांच्या वाट्याला तुळशीदास आला, नरसी भगत आला. त्यांच्या हाती पिस्तूल देऊन गोव्याच्या किनाऱ्यावर धावायला लावायचं धाडस कुणी केलं नाही. बरंच झालं म्हणा.

इथे तुलनेची खरी गोम सापडते. लंडनवाले नट बदलतात आणि नंबर तोच ठेवतात. कॉनरी गेला, लेझेन्बी एकाच चित्रपटात आला नि गेला, मग मूर, डाल्टन, ब्रॉस्नन, क्रेग. २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत पंचवीस अधिकृत चित्रपट झाले, पण ००७ ही एक खुर्ची आहे आणि तिच्यावर बसणारा तात्पुरता. आपण उलटे. आपण नंबर बदलतो, धर्म बदलतो, शतक बदलतो, माणूस मात्र तोच लागतो. तो तुकाराम असो, हेर असो नाहीतर कुली. टॉम क्रूझ तिकडचा असला तरी या बाबतीत आपल्यातला. १९९६ पासून २०२५ पर्यंत आठ ‘मिशन इम्पॉसिबल’, आणि विमानाला लोंबकळतो तो हाच. मुखवटा ओढून काढला की आतून तोच चेहरा निघावा, यासाठी तर तिकीट काढायचं.

तुलनेची मापंही पिढीगणिक निराळी. पोरं कोटींत बोलतात. पहिल्या दिवशी किती, पहिल्या आठवड्यात किती, परदेशात किती. ज्यांच्या खिशात पुढच्या पेट्रोलचे पैसे नाहीत, तेही निर्मात्याच्या गल्ल्याची पै-पै मोजतात. अंकल आठवड्यांत मोजतात. १९७२ चा ‘बंगारद मनुष्य’ के. जी. रोडवरच्या स्टेट्स थिएटरात दोन वर्षं चालला, हा त्यांचा मापदंड. दोन वर्षं म्हणजे किती कोटी, हे त्यांना विचारायचं नसतं. त्यांच्या आठवणीतली अर्धी थिएटरं आता नाहीत. इंग्रजी सिनेमांचं प्लाझा होतं तिथे एम. जी. रोडचं मेट्रो स्टेशन आहे, मॅजेस्टिकचं कपाली २०१७ मध्ये पाडलं आणि ब्रिगेड रोडचं रेक्स २०१८ बरोबरच संपलं. मल्टिप्लेक्समध्ये कटआउट लावायला जागा नसते आणि दुधाची पिशवी सुरक्षारक्षक दारातच काढून घेतो. अंकलच्या मते हेरपटांचा ऱ्हास तिथून सुरू झाला.

चारित्र्याचा मुद्दाही त्यांच्याकडे तयार असतो. २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ आला तेव्हा आपल्या सेन्सॉर मंडळाने बाँडची चुंबनं लांबी मोजून निम्मी केली होती. “आमच्या ९९९ ला कात्री लागली नसती,” असं अंकल सांगतात. राजकुमारांची ख्याती पडद्यावर दारू-सिगारेट टाळणारा नट अशी. म्हणजे हेर असूनही वारकऱ्यांच्या पंगतीला बसता येईल असा. तुकोबा, ९९९ आणि गोरोबा यांची वर्षंही तसंच सांगतात.

मग डिसेंबर २०२५ मध्ये ‘धुरंधर’ आला. साडेतीन तासांचा. रणवीर सिंग कराचीतल्या ल्यारीत वेष बदलून राहतो. बाहेर पडलेला प्रत्येकजण मात्र अक्षय खन्नाच्या नाचाबद्दल बोलत होता, जो त्यात हेर नाही, डाकू आहे. मी म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका हेराला आपलं काम नीट जमलं. सगळ्यांनी दुसऱ्याकडेच पाहिलं.

असं बोलता बोलता मी आपला माणूस पुढे केला. बहिर्जी नाईक. १६६४ च्या सुरतेची खबर महाराजांना देणारा, सभासद बखरीत ज्याचं नाव आहे तो. बंगळूर तर शहाजीराजांची जहागीर, तेव्हा हा हेर इथेही अगदीच परका नाही. अंकलनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, “दिसायला कसा होता, सर?” मी बघत राहिलो. सांगलीकडच्या बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. पण अस्सल चित्र नाही, वर्णन नाही, जन्मसाल नाही. वेषांतराच्या कथा तेवढ्या उदंड. “मग तोच खरा,” अंकल म्हणाले. ९९९ चा भक्त असं म्हणतो, ही साधी गोष्ट नव्हती.

पण भक्तांना खरा हेर पचत नाही. आपण थिएटरात जातो ते ओळखायला. ज्या शहरात गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडणारी माणसं लिफ्टमध्ये शेजाऱ्याला ओळखत नाहीत, तिथे निदान पडद्यावर तरी कुणी येताक्षणी ओळखीचं निघावं! हजारभर अनोळखी लोक एकाच चेहऱ्याला एकाच वेळी हाक मारतात आणि तीन तास एकमेकांचे होतात. बाँड, टायगर, ९९९ यांत श्रेष्ठ कोण, हा वाद त्या ओळखीची मुदत दोन इडल्यांपुरती वाढवून घेण्यासाठी असतो. म्हणून तो मिटत नाही, आणि मिटवायला कुणी धजतही नाही.

बेळगावच्या पोराने मग प्रस्ताव मांडला, की बहिर्जींवर कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ असा एकच मोठा सिनेमा निघाला पाहिजे. कल्पना सगळ्यांना पसंत पडली आणि भूमिका कोणी करायची यावर टेबल लगेच फुटलं. सेलम म्हणालं रजनी. विजयवाडा म्हणालं एनटीआर, त्याची आई कर्नाटकातलीच. अंकल म्हणाले, “अण्णावरू असते तर प्रश्नच नव्हता.” मी सुचवलं, नवखा नट घ्या. कुणीच न पाहिलेला, नाव-गाव कुणाला ठाऊक नसलेला. बहिर्जींना तोच शोभेल.

चौघांनीही पेले खाली ठेवले. “मग बघायला येणार कोण?”

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही गेलो नसतो.