माळशेजचा घाट कुणी बघू देत नाही

दसऱ्याच्या आसपास माळशेजला जाऊ म्हटलं की आमच्या मुलुंडच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला. ‘आता काय बघणार? धबधबे आटले असतील.’ बरेचसे आटलेले असतातच. पण भर पावसात घाटात ढग उतरतो, पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडला तर काही दिसत नाही, आणि नेमकी तेव्हा अख्खी मुंबई घाट बघायला निघते. पाऊस ओसरून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली, कड्यांवर सोनकी पिवळी फुलली, मुरबाडच्या पुढे भात कापणीला आलं, की मोसम संपला म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही.

कल्याण सोडलं की घाट 90 किलोमीटरच्या आत. पण गाडीत बसल्या बसल्या काचा वर जातात. ‘वहिनी, एसी चालू आहे.’ वैशाखऱ्याला उजवीकडे नानाचा अंगठा हा सुळका आभाळात उभा दिसतो. त्याच्या कुशीत नाणेघाट, तिथल्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. मी हात करून दाखवते, तेव्हा मागच्या सीटवर रेंज गेल्याची चर्चा चाललेली असते. अंगठा मागे पडल्यावर मग विचारतात, ‘कुठे, कुठे?’

खरा त्रास घाटात. गाडी नीट बाजूला घेता येईल अशा जागा मोजक्याच. तिथे आधीच कुणीतरी चारही दारं उघडी टाकून गाणी लावलेली. कठड्यावर माकडं. एका पोराच्या हातातलं वेफर्सचं पाकीट माकडानं ओढलं, दातांनी शिवणीवर फाडलं, वेफर्स संपवून बोटांना लागलेला मसाला चाटला आणि पाकीट दरीत सोडून दिलं. भोवतीच्या सगळ्यांनी मोबाइलवर ते टिपलं. दरीकडे सगळ्यांची पाठ होती. बोगदा तर छोटासा, पण त्यात प्रत्येक जण हॉर्न वाजवतो.

आणि समोर कडा उभा असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक, आडवे. एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे अरुंद पायरीसारखी जागा राहते, तिथे माती साठते, आणि सोनकी नेमकी त्या ओळीनं फुलते. लांबून बघितलं तर काळ्या कातळावर पिवळ्या रेघा ओढलेल्या दिसतात. आठवड्या-दोन आठवड्यांत ऊन त्या पुसून टाकतं. हे बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात भावजींची हाक येते, ‘चला, जेवायला उशीर होतोय.’

पुढच्या वर्षी मी पुढच्या सीटवर बसणार. काच खाली राहील. डबा घरून घेऊ, म्हणजे हॉटेल शोधायला नको. ज्यांना धबधबे हवे असतील त्यांनी जुलैत जावं.