डासाचा पासपोर्ट फोटो

सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि फोनला लावायची मॅक्रो लेन्स बाळगणारा एकमेव रहिवासी म्हणून मी परस्पर कीटकतज्ज्ञ झालो. ग्रुपवर जाहीर केलं, "संशयित डासांचे फोटो पाठवा, ओळख पटवून मिळेल."

फोटो धडाधड आले. बहुतेक मरणोत्तर. इथेच पंचाईत होती. डेंग्यूच्या संशयित जाती दोन, एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस: दोघी काळ्या, दोघींच्या पायांवर पांढरे पट्टे. त्यामुळे 'पाय पट्टेरी आहेत हो!' ही साक्ष ग्राह्य नाही. फरक छातीच्या वरच्या बाजूला. इजिप्तीला दोन कडांना दोन पांढरे कंस आणि मध्ये दोन बारीक रेघा. अल्बोपिक्टसला मधोमध एकच रेघ, तेल लावून पाडलेल्या भांगासारखी. आणि आपली चापट पडते नेमकी तिथेच.

तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचा 'राक्षसी डेंग्यू डास' आर्मिजेरिस निघाला: अंगाने दांडगा, सोंड खाली वाकलेली, सेप्टिक टँकमध्ये वाढणारा. नाना दुखावले. "म्हणजे आमच्याकडे गटारातला?" दुसऱ्या एका फोटोत झुपकेदार मिशांचा नर होता. नर रक्त पीतच नाही. मी त्याला निर्दोष ठरवलं, पण चपलेने शिक्षा आधीच बजावली होती.

मग ठरवलं, जिवंत मादीचाच फोटो काढायचा. ती लेन्ससमोर स्थिर सापडते रक्त पिताना. एडिस दिवसा चावते, म्हणून सकाळीच पायजमा गुडघ्यापर्यंत सारून बाल्कनीत बसलो. पाय जरा हलला की बाई उठून दुसऱ्या घोट्यावर.

"ही नसून ती निघाली, तर वेगळं काय करणार?" हिने चहा ठेवत विचारलं. डेंग्यू दोघी पसरवतात, अंडीही दोघी साठल्या पाण्याच्या भांड्यात घालतात. मी लेन्स पुसू लागलो.

अखेर फोटो साधला. कंस लख्ख! अभिमानाने ग्रुपवर टाकला: "एडिस इजिप्ती, मादी."

"घोट्याला सूज वाटते, युरिक अॅसिड तपासा," पहिलं उत्तर. "भेगांना कोकमतेल लावा," दुसरं. नानांनी विचारलं, "पाय कुणाचा?"

सेक्रेटरींनी मात्र फोटो गांभीर्याने घेतला. "धूर फवारणीवाले विचारत होते, डास नेमके कुणाच्या घरात आहेत. पुरावा पुढे पाठवलाय. उद्या सकाळी सातला तुमच्याकडे येतील. भांडीकुंडी झाकून ठेवा."