वृक्ष प्राधिकरणाची हरकत नाही

पुणेकर लक्ष्मी रस्त्यावर जातो, कोल्हापूरकर महाद्वार रोडला, नाशिककर मेन रोडला. पिंपरी-चिंचवडकराने सणासुदीला नेमकं कुठं जावं, हे त्याला कोणी सांगून ठेवलेलं नाही. खरेदी पिंपरी कॅम्पात, नाटक चिंचवडात, कुस्ती भोसरीत, मामा सांगवीत आणि बायकोची मैत्रीण रावेतला. आधी औद्योगिक विकास महामंडळाने शेड टाकल्या. शेडमधली माणसं रात्री कुठंतरी झोपतही असणार, असा संशय आल्यावर 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं आणि त्याने सेक्टर आखले. 1982 मध्ये महापालिका झाली, तिने आरक्षणं टाकली. या गडबडीत शहराला मध्य ठेवायचा राहून गेला. जकातीचे पैसे मोजण्यातून सवडच मिळाली नाही. ‘आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका’ म्हणवून घेणं म्हणजे काय खायचं काम आहे?

मध्य शेवटी सापडला वाकडला, महामार्गाच्या कडेला. 2023 च्या सप्टेंबरात तिथे फिनिक्सचा मॉल उघडला आणि शहराची एकदाची चौकात उभं राहायची सोय झाली. चौक वातानुकूलित, फरशी पुसलेली, आणि शिट्टी मारायला रखवालदार. डिसेंबरात मॉलमध्ये नाताळचं झाड उभं राहतं आणि थेरगाव, रहाटणी, पिंपळे सौदागर, ताथवडे, पुनावळे इथली समस्त प्रजा एका दुचाकीवर चार-चार बसून निघते. याला दर्शनच म्हणायचं. रांग असते, रेटारेटी असते, झाडाभोवती दोरी असते, मूल हरवल्याची घोषणा असते. चपला तेवढ्या बाहेर काढाव्या लागत नाहीत.

पण गाव पडलं कामगारांचं. इथला माणूस झाडाच्या शेंड्यावरचा तारा नंतर बघतो, बुंध्यातलं वेल्डिंग आधी. टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका नातवाला कडेवर घेऊन झाडाला प्रदक्षिणा घालत होते. नातू म्हणाला, “आजोबा, सांता!” आजोबा म्हणाले, “टॅक मारलाय नुसता. फुल वेल्डिंग नाही.” मग वाकून त्यांनी बेस प्लेट पाहिली, अँकर बोल्टला चेकनट नसल्याची नोंद घेतली आणि हेच काम भोसरीत आपल्या साडूच्या शेडमध्ये निम्म्या पैशांत कसं झालं असतं, हे शेजारच्या अनोळखी गृहस्थांना समजावून सांगितलं. गृहस्थही नेमके क्वालिटीतले निघाले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पानांची ओढ घेऊन पाहिली आणि ‘रिजेक्ट’ असा निकाल दिला. आजीने चांदण्यांचं कौतुक करायचा प्रयत्न केला, तर तिला पावडर कोटिंग आणि साधा रंग यांतला फरक ऐकावा लागला. फोटो मात्र सगळ्यांनी काढला. रिजेक्ट मालासमोर इतक्या आनंदाने हसणारी माणसं या पट्ट्यात दुसरीकडे पाहायला मिळत नाहीत.

झाडाचे गुण वादातीत आहेत. पानगळ नाही, म्हणून झाडलोट नाही. पक्षी बसत नाहीत, म्हणून गाडीच्या टपावर काही पडत नाही. मुळं पेव्हिंग ब्लॉक उचकटत नाहीत. फांद्या दुकानाची पाटी झाकत नाहीत. आणि मुख्य म्हणजे 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा याला लागू नाही. खऱ्या झाडाची फांदी छाटायची तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, मग पाहणी, मग हरकती. हे झाड जानेवारीत शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सुटं करा, गोणीत भरा. एकही पर्यावरणप्रेमी मिठी मारायला येत नाही. रुंदीकरणाच्या रेषेत हटून बसलेल्या वडा-पिंपळांनी हा समंजसपणा शिकून घ्यावा. मुंबईत झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2024 मध्ये तिथल्या महापालिकेने त्या उतरवण्याचा आदेश काढला. रात्रभरच्या उजेडाने झाडाला आणि त्यावरच्या पाखरांना त्रास होतो, अशी तक्रार होती. मॉलमधल्या झाडाची असली काही तक्रार नाही. ते तीन पाळ्यांत उभं राहतं आणि ओव्हरटाइम मागत नाही.

झाड नकली आणि परंपरा परकी, असं म्हणणारे प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर दोघे-तिघे असतात. परंपरेचे मालक तर आपल्याच चाकणला येऊन बसले आहेत. सजवलेल्या झाडाची चाल जर्मन मुलखातली. इंग्लंडात ती घरोघर पोचली ती व्हिक्टोरिया राणीच्या जर्मन नवऱ्यामुळे, 1848 मध्ये राजघराण्याचं झाडाभोवतीचं चित्र छापून आल्यावर. नकलीपणाही जर्मनांचाच: एकोणिसाव्या शतकात त्यांनी हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेला गुंडाळली आणि झाड म्हणून उभी केली. पुढे ॲडिस नावाच्या ब्रश कंपनीने ब्रशच्याच यंत्रावर झाडं वळली. ते ब्रश कशाचे होते, हे जेवताना पेपर वाचणाऱ्यांचा मान राखून सांगत नाही. तर हे झाड मुळातच मशीन शॉपमधलं. 2009 पासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणमध्ये गाड्या बनवताहेत, तिथे एखादं झाड जास्त झालं म्हणून काय बिघडलं?

बिघडतं ते वेगळीकडे. कारखाना कोणताही असो, डिसेंबर सरत आला की परदेशी साहेब घरचं विमान पकडतो आणि खाली ब्लॉक क्लोजरची नोटीस लागते. पर्मनंट कामगाराच्या रजेतून दिवस वळते होतात. ठेकेदाराकडच्या पोराला रजाच नसते, त्यामुळे वळतं काय करायचं, हा प्रश्न थेट पगारातून सोडवला जातो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं झाड साऱ्या जगाने चित्रपटांत पाहिलेलं आहे. ते पहिल्यांदा उभं राहिलं 1931 च्या 24 डिसेंबरला, ऐन मंदीत, बांधकामाच्या चिखलात. मजुरांनी आपसांत वर्गणी काढून ते आणलं, कागदाच्या माळा आणि पत्र्याचे डबे टांगून सजवलं. त्या दिवसाचा फोटो आहे: झाडाशेजारी मजूर पगाराच्या रांगेत उभे आहेत. दोनच वर्षांनी समारंभ साहेबांच्या हातात गेला आणि रांगेत प्रेक्षक आले. आपल्याकडे हा मधला इतिहास वगळून थेट प्रेक्षकांपासून सुरुवात झाली आहे. झाड उभारणारी पोरं रात्री मालाच्या गेटने आत येतात, दिवस उजाडायच्या आत त्याच गेटने बाहेर पडतात आणि त्यांच्या पगाराची रांग ठेकेदाराच्या बंद मोबाइलपुढे लागते.

24 डिसेंबर आमच्या पट्ट्यालाही माहीत आहे. 2020 मध्ये त्याच तारखेला तळेगावच्या जनरल मोटर्समधलं उत्पादन थांबलं. त्या साली सांताक्लॉज गेटवरून परत गेला. म्हणे गेटपास नव्हता. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

सार्वजनिक नाताळ खरा फुलतो तो फ्लेक्सवर. ‘समस्त ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली गॉगल लावलेले भाऊ, शेजारी दादा, वर अण्णा, डावीकडे युवा नेते, त्यांच्या खाली पासपोर्ट आकारात कार्यकर्ते, आणि कोपऱ्यात जागा उरली तर सांता. येशूला बहुतेक उमेदवारी नाकारलेली असते. फ्लेक्स टांगायला झाड खरं लागतं, कारण प्लॅस्टिकच्या झाडात खिळा धरत नाही. मग शहरातली पोरं रविवारी झोपेवर पाणी सोडून ‘खिळेमुक्त झाडं’ मोहीम काढतात, पक्कड घेऊन खिळे उपसतात आणि सोमवारी तिथेच नवा फ्लेक्स दिसतो. जुन्या खिळ्यांची भोकं तयारच असतात, तेवढाच कार्यकर्त्याचा वेळ वाचतो.

2025 च्या नाताळाची तर बातच और होती. मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं शहराने नगरसेवकाविना काढली आणि विशेष फरक जाणवला नाही, ही गोष्ट इच्छुकांच्या मनाला लागली होती. मतदान 15 जानेवारीला, अर्ज भरायचे नाताळच्या आठवड्यात, जागा 128. एवढे सांता शहराने एकदम कधी पाहिले नव्हते. परदेशी सांता धुराड्यातून उतरतो, आमचा चेअरमनमार्फत येतो. तो लाजत नाही, मोजे टांगायला सांगत नाही, सरळ विचारतो, “सोसायटीत मतदान किती?” मग सोलर, सीसीटीव्ही, खेळ पैठणीचा. युरोपातला म्हातारा वर्षभर मूल चांगलं वागलं का, हे पाहतो म्हणे. इथे वर्षभर कोण कसा वागला, हा विषय दोन्ही बाजूंनी काढायचा नसतो.

मुळात नाताळची गोष्ट आहे ती खोली न मिळण्याची. बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून एक सुतार गरोदर बायकोला घेऊन मूळ गावी गेला आणि उतरायला जागा मिळेना. हा प्रसंग समजावून सांगायला चाकणइतकं योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरं नसेल. योसेफाला नाणेकरवाडीत आणून उभा करा. मालक ओट्यावरूनच विचारतील, “कंपनी का काँट्रॅक्ट?”

“सुतारकाम करतो.”

“म्हंजे पर्मनंट न्हाई. आधार कुठलं?”

“नाझरेथचं.”

“बाहेरचं हाय. पोलीस व्हेरिफिकेशन लागंल, त्याचं पैसं तुमचं. फॅमिली आहे ते बरंय, बॅचलरला आपण देतच न्हाई. डिपॉझिट दोन म्हैन्यांचं. आन् वहिनींचे दिवस भरलेत, म्हंजे पाण्याचा वापर वाढणार. त्याचं पाचशे वेगळं.”

“नुसता गोठा असला तरी चालेल.”

“गोठा? अवं, गोठा पाडूनच तर ह्या आठ खोल्या काढल्यात. जमीन कंपनीत गेली, बैल कुठं बांधायचं?”

इथे शुभवर्तमान संपलं असतं. पूर्वेकडून तारा बघत निघालेले ज्ञानी लोकही वेळेवर पोचले नसते. नाशिक महामार्गावर तळेगाव चौकात त्यांचे उंट अवजड वाहनांच्या मागे उभे राहिले असते आणि सोनं, ऊद, गंधरस यांचं ई-वे बिल कुठाय, म्हणून कोणीतरी बाजूला घेतलं असतं.

याच शहरात एक नाताळ असाही आहे, ज्याला मॉल लागत नाही. खराळवाडीच्या चर्चपाशी, आसपासच्या वस्त्यांत, नगरकडून आणि जालन्याकडून कंपनीत लागलेल्यांची नातवंडं गव्हाणीचा देखावा करतात. त्यात पुठ्ठ्याचे डोंगर, लाकडाचा भुसा, गणपतीत उरलेली माळ. घरात करंज्या तळतात, शंकरपाळी होते, हार्मोनियम-ढोलकीवर मराठी नाताळगीतं म्हणत मंडळी दारोदार जातात. मॉलमध्ये तासभर रांग लावून आलेला शेजारी करंजी तोंडात टाकून विचारतो, “तुमच्यातपण हे असतं?” फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत. चारशे वर्षं शेजारी राहून आमची चौकशी अजून फराळापाशीच आहे. त्याचं आश्चर्य तरी कशाला करा. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी माणसं चहा प्याली, तर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, शहर वर्षानुवर्षं भांडलं. आज त्यांचीच पणतवंडं प्लम केक खाऊन झाडाखाली बोटांचा व्ही करतात आणि कुणाचाच धर्म बुडत नाही. तेव्हा चहा फुकट होता, ही खरी अडचण असावी. आता जीएसटीचं बिल मिळतं, त्यात सगळं शुद्ध होतं.

तेव्हा आमची मागणी अशी, की मॉलच्या उपकारावर किती दिवस काढायचे? शहराचं स्वतःचं सार्वजनिक झाड हवं. लंडनला 1947 पासून नॉर्वे दरवर्षी ट्रफाल्गर चौकासाठी झाड पाठवतं, युद्धातल्या मदतीची आठवण म्हणून. आम्ही कुणाला युद्धात मदत केली नाही, पण सुटे भाग सगळ्या जगाला पुरवले आहेत. तरीही मागायला नको, महापालिका समर्थ आहे. सल्लागार नेमावा, त्याने सविस्तर प्रकल्प अहवाल करावा, अधिकाऱ्यांनी जर्मनीत अभ्यास दौरा करावा, तोही उन्हाळ्यात, म्हणजे झाडांची गर्दी नसते. उंचीचा प्रश्न नाजूक आहे. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातला ध्वजस्तंभ 107 मीटरचा, त्याहून उंच झालं तर भावना दुखावतील आणि फार बुटकं झालं तर पुणे हसेल. जागेचा प्रश्न त्याहून नाजूक, म्हणून पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या तिन्ही विधानसभा मतदारसंघांत एकेक झाड उभारावं आणि चौथं चाकणला, हद्द वाढेल तेव्हासाठी.

या झाडांची गणना शहराच्या वृक्षसंख्येत करावी. रस्त्यासाठी एक तोडलं तर त्याबदली ही लावल्याचं दाखवता येईल, आणि लावलेली झाडं जगत नाहीत ही विरोधकांची ओरड कायमची थांबेल. यांचं जगण्याचं प्रमाण शंभर टक्के आहे. प्रस्तावाची फाईल फिरत फिरत उद्यान विभागात पोचली, तर तिच्यावर काय शेरा येईल हेही आम्हाला दिसतं आहे: “हरकत नाही. शहराला 2019 पासून एक दिवसाआड पाणी असले तरी सदर झाडांना दररोज पाणी घालणे आवश्यक असल्याने टँकरची स्वतंत्र निविदा काढावी. मुदत तीन वर्षे.”